छोट्या क्लबची अकादमी: कशी उभारायची, कोणाला निवडायचं आणि कुठे थांबून वाट पाहायची

२७ एप्रिल २०१३ रोजी इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये क्रू अलेक्झांड्रा हा छोटा क्लब वॉल्सॉलविरुद्ध उतरला, तेव्हा सुरुवातीचे अकराच्या अकरा खेळाडू क्लबच्याच अकादमीत तयार झालेले होते. सामना क्रूने २-० असा जिंकला. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रेंटफर्डने आपली अकादमी बंद करून टाकली. मुलं घडवायची आपण आणि सोळाव्या वर्षी किरकोळ भरपाई देऊन मोठ्या क्लबने ती उचलून न्यायची, हा हिशेब त्यांना परवडत नव्हता. त्याऐवजी त्यांनी सतरा ते वीस वयाच्या, इतर क्लबांनी सोडून दिलेल्या मुलांचा एक 'बी' संघ बांधला. २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि पुढे अकादमीही पुन्हा उघडली.

दोन्ही क्लब आपापल्या जागी बरोबर होते. छोट्या क्लबने मोठ्या क्लबच्या अकादमीची लहान प्रतिकृती काढू नये, एवढं मात्र दोघांच्या वाटचालीतून दिसतं. पैसा, मैदानं, वसतिगृह, स्काउटांचं (खेळाडू हेरणाऱ्यांचं) जाळं या शर्यतीत तुम्ही हरणारच. पण मोठ्या क्लबकडे नसलेल्या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत. एक, मुलाला थांबून वाढू देण्याइतका वेळ. दुसरी, अठराव्या वर्षी सीनियर संघात खरी मिनिटं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवती रचलेल्या आहेत.

आधी एक कागद

मैदान, जर्सी, प्रशिक्षक या सगळ्याच्या आधी समितीने बसून एका कागदावर लिहावं: ही अकादमी कशासाठी? सीनियर संघाला खेळाडू देण्यासाठी, खेळाडू विकून क्लब चालवण्यासाठी, की परिसरातल्या मुलांना चांगलं फुटबॉल मिळावं म्हणून? 'तिन्हींसाठी' असं लिहायचा मोह होतो. लिहा, पण क्रम लावा. पैसा कमी पडला की कुठल्या ओळीवर काट मारायची, ते त्या क्रमावरून ठरेल. क्रम नसेल तर जो समिती सदस्य मोठ्याने बोलतो त्याच्या मुलाचा वयोगट वाचतो.

त्याच कागदावर यश कसं मोजणार तेही लिहा. पंधरा वर्षांखालच्यांची ट्रॉफी हे मोजमाप नव्हे. मी एकच आकडा धरतो: सीनियर संघाच्या एकूण मिनिटांपैकी किती मिनिटं आपण घडवलेली मुलं खेळली? तीस सामन्यांचा हंगाम असेल तर ३० × ९० × ११ म्हणजे २९,७०० मिनिटं होतात. त्यातले दहा टक्के म्हणजे जेमतेम ३,००० मिनिटं, म्हणजे अख्खा हंगाम खेळलेला एक मुलगा आणि अधूनमधून उतरलेला दुसरा. पाच वर्षांत दहा टक्क्यांपर्यंत पोहोचलात तर छोट्या क्लबसाठी ती चांगली कामगिरी आहे. हा आकडा दर हंगामाच्या शेवटी नोटीस बोर्डावर लावा. लाज वाटली तरी लावा.

किती संघ, आणि खर्च कशावर

आठपासून एकोणीस वर्षांपर्यंत दर वर्षाचा एक संघ, असा आराखडा कागदावर फार देखणा दिसतो आणि दुसऱ्या वर्षी कोसळतो. सुरुवात तीन संघांनी करा: तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील. बाराच्या आत निवड करूच नका. त्या वयासाठी आठवड्यातून दोन दिवस खुलं सत्र ठेवा, येईल त्याला खेळू द्या, फक्त नावं आणि जन्मतारखा लिहून ठेवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं भवितव्य ओळखणं कुणालाच जमत नाही. हॅरी केनला त्या वयात आर्सेनलने सोडून दिलं होतं, आणि आर्सेनलकडे स्काउटांची कमतरता होती असं कुणी म्हणणार नाही.

खर्चाचा क्रम असा: चांगले प्रशिक्षक, खेळायला जागा, आठवड्यातून काही तास येणारा फिजिओ, प्रवास आणि सर्वांत शेवटी कपडे. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो. क्लबच्या चिन्हाचे ट्रॅकसूट आधी येतात आणि वीस मुलांमागे एक प्रशिक्षक धावत असतो. दहा-बारा मुलांमागे एक प्रशिक्षक हे प्रमाण सांभाळा. ते जमत नसेल तर एक संघ कमी करा. सामन्यांच्या चित्रीकरणासाठी ट्रायपॉडवर लावलेला फोन पुष्कळ झाला.

निवड: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला असे दोन मुलगे एकाच संघासाठी ट्रायल देतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद आणि वेग या तिन्हींत फरक. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगलं प्रशिक्षण मिळतं, मग तो खरोखरच चांगला होतो आणि निवड बरोबर होती असं वाटू लागतं. १९८० च्या दशकात कॅनडाच्या आइस हॉकीत हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं आणि नंतर जगभरच्या फुटबॉल अकादम्यांत. तुमच्या क्लबमध्ये हे होतंय का, ते बघायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक संघातल्या मुलांचे जन्ममहिने लिहा, वर्षाचे चार भाग करा आणि मोजा. पहिल्या तिमाहीत नऊ आणि शेवटच्या तिमाहीत एक असं निघालं, तर तुमचे स्काउट खेळाडू शोधत नाहीत, वाढदिवस शोधताहेत.

यावर एक साधा उपाय आहे. नेदरलँड्समध्ये स्काउटांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्काउटांच्या हातात नुसत्या जन्मतारखा दिल्या तेव्हा त्यांच्या निवडीत फरक पडला नाही. पण मुलांच्या जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले आणि तसं स्काउटांना सांगितलं, तेव्हा मोठ्या मुलांकडे झुकणारा कल नाहीसा झाला. ट्रायलच्या दिवशी हेच करा: सगळ्यात मोठ्या मुलाला १ नंबर, सगळ्यात लहानाला शेवटचा. खेळ बघतानाच वय डोळ्यांसमोर राहतं. याला पैसे लागत नाहीत, जर्सी वाटताना यादी हातात असली की झालं.

जन्मतारखेपलीकडे आणखी एक घड्याळ असतं, शरीराचं. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण त्यात दोन-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. यासाठी दर तीन महिन्यांनी तीन मापं घ्या: उभी उंची, बसून उंची आणि वजन. आईवडिलांची उंची एकदाच विचारून ठेवा. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून प्रौढ उंचीचा अंदाज बांधायची खामिस-रोश ही पद्धत बऱ्याच अकादम्या वापरतात. मुलाने त्या अंदाजित उंचीचे किती टक्के गाठलेत, ते कळलं की महिन्यातून एक-दोन सत्रं वयाऐवजी वाढीच्या गटांनुसार घेता येतात. समजा, ८५ ते ९० टक्के गाठलेले एकत्र, ९० ते ९५ टक्क्यांचे एकत्र. यातून लवकर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा कळतं की नुसत्या धक्क्याने चेंडू मिळत नाही. उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदा चेंडू पायात ठेवायची आणि संघ चालवायची संधी मिळते. माझ्या मते पहिल्याला याचा फायदा जास्त होतो. चौदाव्या वर्षी केवळ ताकदीवर गोल करणाऱ्या मुलाला अठराव्या वर्षी बाकीचे गाठतात, तेव्हा त्याच्या हाताशी दुसरं काहीच नसतं.

उशिरा वाढणारी मुलं हीच छोट्या क्लबची खरी खाण. अंतोन ग्रीझमानला फ्रान्समधल्या एकामागून एक अकादम्यांनी लहान चणीचा म्हणून नाकारलं. स्पेनच्या रेआल सोसिएदादने त्याला घेतलं. एन्गोलो कान्ते एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या स्युरेन या हौशी क्लबात खेळत होता. २०१८ चा विश्वचषक फ्रान्सने जिंकला तेव्हा हे दोघंही संघात होते. मोठी अकादमी लहान चणीच्या मुलावर चार वर्षं थांबत नाही, कारण तिच्या दारात दुसरे पन्नास उभे असतात. तुम्ही थांबू शकता. म्हणून प्रत्येक संघात दोन-तीन जागा खास अशा मुलांसाठी राखून ठेवा आणि या जागा निकालावरून काढून घेतल्या जाणार नाहीत, असं प्रशिक्षकाला लेखी द्या.

ट्रायलबद्दल एवढंच: एका दिवसाची ट्रायल म्हणजे लॉटरी. मुलाला चार ते सहा आठवडे सरावाला बोलवा. पहिल्या दिवशी तो काय करतो यापेक्षा, सांगितलेली गोष्ट चौथ्या आठवड्यात जमू लागली का, ते बघा. चेंडू यायच्या आधी तो मान वळवून आजूबाजूला बघतो का? चेंडू गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय करतो? बाकावर बसलेला असताना सामना बघतो की बुटाची नाडी? या तीन प्रश्नांची उत्तरं मुलाच्या उंचीवर अवलंबून नसतात.

सरावाचा आठवडा

लहान मुलांना रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावणं थांबवा. साठ मिनिटांच्या सत्रात रांगेतल्या मुलाच्या वाट्याला चेंडू किती वेळा येतो ते एकदा मोजाच. चारास चार, पाचास पाच अशा छोट्या खेळांत प्रत्येकाला चेंडू वारंवार मिळतो, निर्णय घ्यावे लागतात आणि लपायला जागा नसते. तेरा वर्षांखालच्यांसाठी सत्राचा मोठा भाग असे खेळ असावेत. त्यांत नियम बदलून हवं ते शिकवता येतं. दोन टचची अट घातली की मुलं चेंडू यायच्या आधी बघायला लागतात. मैदान अरुंद केलं की वळणं शिकतात. चार छोटे गोल चार कोपऱ्यांत ठेवले की मोकळी बाजू शोधतात. प्रत्येक वेळी खेळ थांबवून व्याख्यान देऊ नका. प्रश्न विचारा, आणि उत्तर चुकीचं असलं तरी ते करून बघू द्या.

पंधरा वर्षांखालच्या संघाचा नमुन्याचा आठवडा असा बसतो: सामना रविवारी. सोमवारी सुट्टी. मंगळवारी तंत्र आणि छोटे खेळ, नव्वद मिनिटं. बुधवारी काही नाही, निदान क्लबकडून नाही. गुरुवारी सगळ्यात जड सत्र, मोठ्या मैदानावरचा खेळ आणि वेग. शनिवारी सकाळी हलकं सत्र, कॉर्नर आणि फ्री-किक. म्हणजे तीन सत्रं आणि एक सामना. पण मुलगा शाळेच्या संघातूनही खेळतो का, दुसऱ्या खेळातही आहे का, हे विचारल्याशिवाय हा आठवडा लावू नका. तीन ठिकाणचे तीन प्रशिक्षक आपापल्या वहीत 'हलका आठवडा' लिहितात आणि मुलगा सातही दिवस धावत असतो, असं सर्रास घडतं.

वॉर्म-अपसाठी डोकं लढवायची गरज नाही. फिफाचा '११ प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम चौदा वर्षांपुढच्यांसाठी आहे. धावणं, ताकद, तोल आणि उड्या असे त्याचे भाग. नॉर्वेत मुलींच्या संघांवर झालेला त्याचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्याचं त्यात दिसलं. लहान मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. फायदा होतो तो दर सत्राला केल्यावर. महिन्यातून दोनदा केलेला '११ प्लस' म्हणजे नुसता वेळ घालवणं.

उंची झपाट्याने वाढत असताना मुलाचा खेळ बिघडतो. काल जमणारा फर्स्ट टच आज जमत नाही, पाय आपले नाहीतच असं वाटतं. त्याच काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखू लागतं. पहिल्याला ऑस्गुड-श्लॅटर आणि दुसऱ्याला सिव्हर म्हणतात. दोन्ही वाढत्या हाडावर स्नायू ओढले गेल्यामुळे होतात. 'रग दाखव, सहन कर' हा त्यावर इलाज नव्हे. दर तीन महिन्यांच्या मापात उंची दोन-अडीच सेंटीमीटरने वाढलेली दिसली, की त्या मुलाच्या उड्या आणि स्प्रिंट कमी करा, फिजिओला दाखवा. त्या सहा महिन्यांतल्या खेळावरून त्याला संघातून काढू तर मुळीच नका. घरच्यांनाही सांगा, नाहीतर मुलगा आळशी झाला असं समजून ते त्याला पहाटे जास्तीचं पळायला नेतात.

हेडिंगबाबत, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबाबत, नियम कडक होत चालले आहेत. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी आहे. इंग्लंडमध्ये प्राथमिक वयोगटाच्या सरावात हेडिंग घेऊ नये, अशी सूचना २०२० मध्ये आली. तुमच्या संघटनेचा नियम काहीही असो, बाराच्या आत सरावात हेडिंग घेऊच नका.

प्रशिक्षक

सीनियर संघात जागा न मिळालेला माजी खेळाडू 'तात्पुरता' तेरा वर्षांखालच्यांना लावला जातो. क्लबमधला सर्वांत चांगला शिकवणारा माणूस खरं तर याच वयाला हवा. चांगला खेळलेला माणूस चांगला शिकवेलच असं नाही. आपल्याला आपसूक जमलेली गोष्ट दुसऱ्याला का जमत नाही, याचा त्याला राग येतो. नेमणूक करताना परवाना बघाच, पण त्याआधी त्याला वीस मिनिटांचं सत्र घ्यायला लावा आणि फक्त दोन गोष्टी मोजा: तो किती वेळ बोलला, आणि किती मुलांना नावाने हाक मारली.

प्रत्येक मुलासाठी एका पानाची वैयक्तिक योजना ठेवा. वर मुलाच्या स्वतःच्या शब्दांत: 'मला काय चांगलं जमतं, काय जमत नाही.' खाली प्रशिक्षकाची दोनच उद्दिष्टं, दिसतील आणि मोजता येतील अशी. 'डाव्या पायावर काम कर' असं लिहिलं की ते कुणीच करत नाही. 'डाव्या बाजूला चेंडू मिळाल्यावर डाव्या पायानेच क्रॉस, सामन्यात किमान तीन वेळा' असं लिहिलं की मुलगा रविवारी स्वतःच मोजतो. दर सहा-आठ आठवड्यांनी दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा. पालक हजर असले तर उत्तम, पण प्रश्न मुलाला विचारा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.

मुलींच्या संघाला हे सगळं जसंच्या तसं लागू आहे, फक्त वाढीचं वेळापत्रक साधारण दोन वर्षं आधीचं धरा. गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये जास्त होते, म्हणून ताकद आणि तोल यांचा सराव त्यांच्या सत्रातून कधीच वगळू नका. आणि मैदानाची संध्याकाळची चांगली वेळ नेहमी मुलांच्या संघालाच का मिळते, याचं उत्तर समितीने एकदा तरी द्यावं.

पालक आणि सुरक्षितता

पालकांसाठी हंगामाच्या सुरुवातीला एक बैठक घ्या आणि तीन गोष्टी सांगा: मैदानाबाहेरून सूचना द्यायच्या नाहीत, सामना संपल्यावर चोवीस तास निवडीबद्दल प्रशिक्षकाशी बोलायचं नाही, आणि गाडीत घरी जाताना सामन्याचं पोस्टमॉर्टेम करायचं नाही. तिसरी गोष्ट सांगितली की बरेच बाप खाली बघतात.

सुरक्षिततेवर मात्र थोडक्यात भागत नाही. इंग्लंडच्या क्लबांमध्ये १९७० ते २००५ या काळात मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचा स्वतंत्र अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. ज्या क्रूच्या अकादमीच्या कौतुकाने हा लेख सुरू झाला, त्याच क्रूचं नाव त्या अहवालात होतं. चांगली अकादमी आणि सुरक्षित अकादमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाडू चांगले तयार होतात म्हणून कुणी प्रश्न विचारत नाही, ही परिस्थिती सगळ्यात धोक्याची.

म्हणून पहिल्या मुलाची नोंदणी करण्याआधी हे नियम लिहून लावा. प्रत्येक प्रशिक्षक आणि स्वयंसेवकाची पूर्वतपासणी, जुन्या ठिकाणी फोन करून. मुलाबरोबर एकटा प्रौढ कधीही नाही, खोलीत नाही, गाडीतही नाही. चेंजिंग रूममध्ये फोन बंद. मुलांना खासगी मेसेज नाहीत, सगळं पालक असलेल्या गटावर. मुक्कामाच्या दौऱ्यावर प्रौढांची खोली वेगळी आणि किमान दोन जबाबदार माणसं. तक्रार घेणारी व्यक्ती प्रशिक्षकांपैकी नसावी, समितीच्या अध्यक्षाची नातलगही नसावी. तिचा नंबर मुलांना दिसेल अशा ठिकाणी लावा. आणि तक्रार आली तर 'आधी आपण आतल्या आत चौकशी करू' असं म्हणू नका. संबंधित यंत्रणेला त्याच दिवशी कळवा.

कागदपत्रं आणि पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमके इथेच छोटे क्लब पैसे गमावतात. खेळाडू परदेशी क्लबकडे गेला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या नियमांप्रमाणे दोन प्रकारे पैसे मिळू शकतात.

पहिला, प्रशिक्षण भरपाई. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, किंवा २३ व्या वाढदिवसाचं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत तो देशाबाहेरच्या क्लबकडे गेला, की ती लागू होते. रक्कम क्लबच्या श्रेणीवर ठरते. युरोपात ती प्रशिक्षणाच्या एका वर्षासाठी १०,००० ते ९०,००० युरो अशी आहे. बारा ते पंधरा या वयाच्या वर्षांसाठी मात्र सर्वांत खालच्या श्रेणीचाच दर धरतात. महिला फुटबॉलला ही भरपाई लागू नाही.

दुसरा, एकजूट निधी. खेळाडूचा करार चालू असताना तो पैसे मोजून देशाबाहेर गेला, की त्या रकमेच्या ५ टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार हंगामांसाठी त्या पाच टक्क्यांतला प्रत्येकी ५ टक्के, पुढच्या आठ हंगामांसाठी प्रत्येकी १० टक्के. उदाहरण घ्या. तुमच्याकडे बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून अठराव्या वाढदिवसाच्या हंगामापर्यंत खेळलेला मुलगा पुढे कधीतरी १० लाख युरोंना विकला गेला. पाच टक्के म्हणजे ५०,०००. त्यात तुमचा वाटा चार हंगामांचे २० टक्के अधिक तीन हंगामांचे ३० टक्के, म्हणजे निम्मा: २५,००० युरो. तो तुम्हाला सोडून दहा वर्षं झाली असली तरीही.

नोव्हेंबर २०२२ पासून ही देणी फिफा क्लिअरिंग हाउसमार्फत जाऊ लागली आहेत आणि वाटप खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून ठरतं. तो पासपोर्ट बनतो राष्ट्रीय संघटनेकडच्या नोंदणीवरून. मुलगा तुमच्याकडे चार वर्षं खेळला, पण तुम्ही त्याची नोंदणी शेवटच्या वर्षीच केली असेल, तर आधीची वर्षं कागदावर नसल्यासारखीच. म्हणून बारा वर्षं पूर्ण होण्याआधी नोंदणी, दर हंगामाला नूतनीकरण, आणि पोचपावतीची प्रत क्लबच्या ईमेलवर. सचिवाच्या वैयक्तिक ईमेलवर नको, सचिव बदलतात. देशांतर्गत बदल्यांचे नियम त्या त्या संघटनेचे असतात, ते वेगळे वाचा. अठराच्या आतल्या मुलाला परदेशी क्लबकडे पाठवणं काही ठरावीक अपवाद सोडले तर फिफाच्या कलम १९ प्रमाणे बंद आहे. परदेशी ट्रायलसाठी पैसे मागणारा एजंट पालकांना भेटतोच. बैठकीत हे कलम आधीच सांगून ठेवा.

मोठा क्लब दारात आला तर नुसता नकार देऊन भागत नाही, मुलगा जाणारच. हातात येणाऱ्या रकमेपेक्षा पुढच्या विक्रीतला टक्का मागा. सीनियर सामन्यांच्या संख्येवर वाढणारी रक्कम मागा. आणि शक्य असेल तिथे एक वर्ष लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, परत.

सीनियर संघाचा दरवाजा

सतरा ते एकवीस हा टप्पा बहुतेक अकादम्या बांधतच नाहीत. सतरा वर्षांखालचा संघ संपतो, मुलगा सीनियरबरोबर सरावाला येतो, बाकावर बसतो, दोन वर्षांनी खेळ सोडतो. यात मुलाची चूक नसते. सीनियर प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या तीन निकालांवर अवलंबून असते, तो अठरा वर्षांच्या मुलाला का खेळवेल? तेव्हा हे त्याच्या मर्जीवर ठेवू नका. करारातच लिहा: प्रत्येक सामन्याच्या संघात किमान तीन अकादमीचे खेळाडू, हंगामात किमान अमुक मिनिटं. खेळाडू विकत घेताना समितीने आधी विचारावं, या जागेसाठी आपल्याकडे दोन वर्षांत कोण तयार होतंय? तिशीतला डावा बॅक आणून अठरा वर्षांच्या डाव्या बॅकची वाट अडवायची आणि वर्षअखेरीस 'आपल्याकडे टॅलेंटच नाही' म्हणायचं, हा उद्योग फार ठिकाणी चालतो.

मिनिटं एकदम मिळत नाहीत. आधी आठवड्यातून एक दिवस सीनियरबरोबर सराव, मग मैत्रीपूर्ण सामने, मग चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्या, मग जिंकत आलेल्या सामन्याची शेवटची वीस मिनिटं. पहिल्या चुकीनंतर त्याला पुढच्या सामन्यातही खेळवा, हे आधीच ठरवून ठेवा. तिथेच जागा नसेल तर खालच्या पातळीवर लोन. लोनवर पाठवलेल्या मुलाला विसरू नका. महिन्यातून एक सामना कुणीतरी जाऊन बघावा आणि त्याच्या योजनेचं ते एक पान त्या क्लबच्या प्रशिक्षकाकडेही असावं.

सोडताना

बहुतेक मुलांना एक दिवस 'पुढच्या हंगामात तू नाहीस' हे सांगावंच लागतं. मेसेजवर कधीच नाही, यादी लावूनही नाही. समोर बसून, पालकांसह, आणि हंगाम संपायच्या किमान दोन महिने आधी, म्हणजे दुसरीकडे ट्रायल देता येते. परीक्षेच्या आठवड्यात सांगू नका. काय चांगलं होतं आणि काय कमी पडलं, ते त्या एका पानावरून दाखवा. पान नीट भरत आला असाल तर त्याला धक्का बसेल, पण आश्चर्य वाटणार नाही. त्याच्यासाठी इतर दोन क्लबांना स्वतः फोन करा. तीन महिन्यांनी एकदा विचारपूस करा. खेळ पूर्ण सोडणाऱ्यांतून काही चांगले पंच आणि प्रशिक्षक निघतात, तोही मार्ग दाखवा.

आणि परतीचं दार उघडं ठेवा. जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने सोडलं. तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या बिगरलीग क्लबात खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. सोडलेल्या मुलांना एकोणिसाव्या वर्षी पुन्हा एकदा बघायचं, असा एक दिवस दर वर्षी कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी प्रवेश फक्त जुन्या मुलांना.

त्याची फाईलही फेकू नका. मापं, नोंदणीच्या पावत्या, हंगामवार सामने, योजनेची पानं. एकजूट निधी खेळाडूच्या प्रत्येक पात्र बदलीवर लागू होतो, आणि तिसाव्या वर्षी तो तिसऱ्याच देशात विकला जाऊ शकतो. एक प्रत कपाटात, एक ऑनलाइन, आणि दोन्हींचा पासवर्ड किंवा किल्ली निदान तीन माणसांकडे.